नसलेलं पित्ताशय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कॉलेजात अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. पण या विषयातला सगळ्यांत मोठा धडा मी शिकलो तो विद्यार्थी असताना, स्वतःच्याच एका चुकीमुळे.

1975 सालची गोष्ट. बी.एस्सी.ला सस्तन प्राण्यांची शरीररचना शिकण्यासाठी आम्हाला पांढरा उंदीर असे. प्रत्येकाला एक. प्रयोगशाळेतले मामा क्लोरोफॉर्मच्या बरणीतून उंदीर काढून मेणाच्या ट्रेमध्ये ठेवत. त्या गोडसर वासानं पहिल्या दिवशी पोटात ढवळून आलं. पण पाय टाचण्यांनी पसरून, कातडी चिमट्यानं उचलून कात्री चालवली, की भीती मागे पडे आणि कुतूहल पुढे येई. छाती आणि पोट यांच्यामधला पातळ पडदा, म्हणजे श्वासपटल, मी तेव्हा प्रथम पाहिलं. इतका नाजूक पडदा श्वासाचं मुख्य काम करतो, हे वाचून कळलं होतं. पटलं मात्र त्या दिवशी. लहान आणि मोठं आतडं मिळतात तिथली उंदराची फुगीर पिशवी पाहून तर मी तिला जठरच समजलो होतो.

पचनसंस्थेची आकृती जर्नलमध्ये काढून मी बाईंकडे सहीला नेली. यकृताखाली छानसं हिरवं पित्ताशय रंगवलं होतं. बाईंनी आकृती पाहिली आणि त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"हे मला ट्रेमध्ये दाखव."

मी यकृताचा एकेक भाग उचलून शोधू लागलो. पित्ताशय काही सापडेना. कापताना फाटलं असेल, असं पुटपुटलो.

"फाटलं नाही. या उंदराला पित्ताशय नसतंच. यकृतातलं पित्त नळीतून थेट लहान आतड्यात उतरतं. तू माणसाची आकृती पाठ केलीस आणि ती इथं उतरवलीस." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुस्तकातूनच काढायचं होतं, तर याला मारलं कशाला?"

त्या दिवशी सही मिळाली नाही, आणि ते वाक्य मनातून गेलं नाही.

पुढं मी शिक्षक झालो. जे दिसलं तेच काढा, असं मुलांना बजावत राहिलो. पण बाईंच्या प्रश्नाचा अर्धाच भाग मी घेतला होता, हे आज कबूल करतो. वीस मुलांच्या तुकडीला वीस उंदीर लागत. त्यातले किती जण खरोखर पाहत होते आणि किती जण सहीपुरतं कापत होते, हे मला दिसत होतं. एकाच उंदरावर सर्वांना नीट दाखवता आलं असतं. पण अभ्यासक्रमात होतं, म्हणून करत राहिलो. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं बंद करण्याचं ठरवलं, तेव्हा प्रथम मला वाईट वाटलं. मुलं आता हातानं काय शिकणार, असं वाटलं.

निवृत्तीनंतर सुट्टीत शेजारची शाळकरी मुलं जमवतो. गेल्या वर्षी मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणलं. बोकड खाण्यासाठीच कापलेला, आमच्यासाठी वेगळा जीव गेला नव्हता. आधी मुलांना माहीत असलेली आकृती काढायला सांगितली. मग हृदय हातात दिलं. महारोहिणीत वरून पाणी ओतलं तर ते थोडा वेळ तिथंच थांबलं. आतल्या झडपांनी वाट अडवली होती. नंतर हृदय उभं कापलं. उजव्या जवनिकेची भिंत पातळ, डावीची कितीतरी जाड. उजवीनं रक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवायचं, डावीनं साऱ्या अंगभर. कष्टाप्रमाणे भिंत.

एक मुलगी दोन्ही भिंती बोटांच्या चिमटीत धरून बराच वेळ उभी होती. तिच्या आकृतीत दोन्ही सारख्याच जाडीच्या होत्या. तिनं मला काही विचारलं नाही. हात धुऊन आली आणि खोडरबर घेऊन बसली.

बाई असत्या तर त्यांनी त्या वहीवर सही केली असती.