दुरुस्ती हवी, पण वेळ आमची

(भंडारा येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेत संतसाहित्यावर बोलतात, इतिहासावर बोलतात, वैनगंगेच्या पाण्यावर बोलतात. मी बोलणार आहे ते कामाच्या मधोमध संगणक आपोआप अपडेट व्हायला बसतो त्यावर. विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण हसणाऱ्यांत जे ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेत किंवा सेवा केंद्रात काम करतात, त्यांचं हसू जरा वेगळं होतं. माझा धंदा संगणक बसवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा, त्यामुळे ते हसू मी ओळखतो.

हंगाम धानाचा आहे, तर तिथूनच सुरुवात करू. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. अशी किंमत पदरात पडायची तर कास्तकाराला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळं पडद्यावर चढतं. मग काटा, मग काट्याची नोंद, मग खात्यात चुकारे. बांधीतून धान घरी आणण्यापर्यंतचं काम बैल, ट्रॅक्टर आणि माणसं करतात. पुढचा सगळा प्रवास एका टेबलावरच्या संगणकातून होतो.

आता आपल्या जिल्ह्यातल्या अशाच एका केंद्रावरची सकाळ डोळ्यापुढे आणा. अकरा वाजलेत. बाहेर ट्रॉल्या उभ्या आहेत, बारदाना मोजून झालाय. आत परिचालक पोरगा बसलाय आणि त्याच्यापुढे निळा पडदा. पडद्यावर गोल फिरणारे ठिपके, सत्तावीस टक्के काम झाल्याची वर्दी आणि संगणक बंद करू नका अशी सूचना. दारातून एक म्हातारे कास्तकार विचारतात, "लिंक गेली का जी?" पोरगा म्हणतो, "लिंक आहे जी काका, अपडेट होऊन राहिला." म्हातारे रांगेत जाऊन सांगतात, "लिंक नाही म्हणते." कारण लिंक जाणं सगळ्यांना समजतं. लिंक असताना, वीज असताना, माणूस हजर असताना यंत्र स्वतःच्याच कामाला लागलंय, हे कोणाला पटवून सांगणार? आणि रागवायचं कोणावर? ज्यानं हे अपडेट धाडलं तो सातासमुद्रापार. मग समोर जो पोरगा आहे तोच बोलणी खातो.

हे अकरा वाजताच का होतं, ते समजून घेऊ. विंडोज चालू असताना तिच्या मूळ फायली वापरात अडकलेल्या असतात. त्या बदलायच्या तर काम थांबवून यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. ज्यांनी हे बनवलं त्यांनाही ठाऊक आहे की दिवसा असं करणं बरं नव्हे. म्हणून विंडोज १० मध्ये २०१६ साली 'ॲक्टिव्ह अवर्स' ही सोय आली: तुमच्या कामाचे तास सांगा, त्या वेळात यंत्र आपणहून रीस्टार्ट होणार नाही. ते आपण सांगितले नाहीत तर सुरुवातीला ठरवून दिलेले तास होते सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आता मला सांगा, हंगामात आपलं कोणतं खरेदी केंद्र पाचला बंद होतं?

त्याहून मोठी गोम पुढे आहे. या साऱ्या योजनेत गृहीत काय धरलंय? रात्री संगणक चालू राहील. वीज जाणार नाही. इंटरनेट अमर्याद असेल. आपल्याकडे काय होतं? संध्याकाळी कुलूप लावताना आपण मुख्य बटणच बंद करतो. वीज कडाडली, व्होल्टेज वरखाली झालं, तर मशीन जळू नये म्हणून. ते शहाणपणाचंच आहे. पण रात्रीचं अपडेट मग सकाळवर येतं. मशीन सुरू झालं की मागल्या दारानं ते उतरायला लागतं, काम संथ होतं, पोर्टल अडकतं. वैतागून परिचालक स्वतःच रीस्टार्ट देतो, आणि वाट पाहत बसलेलं अपडेट नेमकं तेव्हा बसतं. आमच्या दुकानी येणाऱ्या "मशीन अडकली" अशा तक्रारींत मी हाच क्रम पुन्हा पुन्हा पाहतो. आणि नेट कोणतं? बहुतेक ठिकाणी खिशातल्या मोबाइलचं हॉटस्पॉट. विंडोजला ते साधं वायफाय वाटतं. हे मोजून मिळणारं नेट आहे, असं आपण सेटिंगमध्ये सांगितल्याशिवाय तिला कळत नाही. मग दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा दुपारच्या आत अपडेट खाऊन टाकतं. पैसे त्या पोराच्या रिचार्जचे.

ही सक्ती पहिल्यापासून नव्हती. एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात अपडेट बंद ठेवता येत असे, आणि आपण ते सर्रास बंद ठेवत असू. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली आणि तिच्या होम आवृत्तीत नकाराचा पर्यायच उरला नाही. प्रो आवृत्तीत लांबणीवर टाकायची सोय होती. पण प्रो महाग, आणि छोट्या संस्थेत येतं ते होम. पुढच्याच वर्षी तर कहर झाला. जुन्या विंडोजवर काम करणाऱ्यांना नव्या आवृत्तीचं निमंत्रण यायचं. त्या चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की माणूस समजायचा, नको म्हटलं. २०१६ च्या मे महिन्यात त्या फुलीचा अर्थ होकार असा धरला जाऊ लागला. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास-व्यवसाय करणाऱ्या बाईंचा संगणक न मागितलेल्या या बदलानं निकामी झाला. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांना दहा हजार डॉलर मिळाले. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या मोठ्या अपडेटनं काही लोकांच्या फायलीच पुसल्या. ते मागे घ्यावं लागलं. मार्च २०२१ मध्ये एका अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरना छपाईची आज्ञा देताच संगणक कोसळू लागले. तेव्हा अपडेटला घाबरणारा माणूस अडाणी आहे असं समजू नका. त्याच्या भीतीला पुरावा आहे.

पण आता नाण्याची दुसरी बाजू सांगतो, नाही तर मी तुमची दिशाभूल केली असं होईल.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती धाडली. ज्यांनी ती बसवली ते वाचले. बाकीच्यांवर १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' कोसळला. फायली कुलूपबंद, किल्लीसाठी खंडणी. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्या देशात आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक अडकले. दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती. लोकांनी ती "नंतर बघू" म्हणून ठेवली होती.

सहाच आठवड्यांनी, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. याची गंमत अशी, की हा युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला. म्हणजे मेमध्ये अपडेट न करणारे बुडाले आणि जूनमध्ये इमानदारीनं अपडेट करणारे! आत शिरल्यावर मात्र तो मार्चमधल्याच भगदाडाचा आधार घेऊन पसरत गेला. त्याची झळ महाराष्ट्रालाही बसली. न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क कंपनीच्या ताब्यातलं टर्मिनल बंद पडलं आणि कंटेनरचं काम हातानं करायची पाळी आली. मर्स्कला जगभरात चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. त्यासाठी लागणारी सगळ्या जाळ्याची मूळ नोंद कुठे शिल्लक सापडली, ठाऊक आहे? आफ्रिकेतल्या घानामध्ये. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते एक यंत्र जाळ्याबाहेर राहिलं. लोडशेडिंगचे एवढे उपकार कोणी मानले असतील असं वाटत नाही.

आणि १९ जुलै २०२४ तुम्हाला आठवत असेलच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट धाडलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक दीड तासाच्या आत मागे घेतली. पण तोवर पडलेलं मशीन माणसानं समोर बसूनच उठवावं लागत होतं. एकाच वेळी सगळ्यांना अपडेट धाडलं की काय होतं, याचा हा धडा.

तर मग करायचं काय? बंद ठेवा म्हटलं तर वॉनाक्राय, आणि येऊ द्या म्हटलं तर अकरा वाजताचा निळा पडदा. मला वाटतं आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. अपडेट हवं की नको हा वाद नाही. घरावरचे कवेलू दर वर्षी पावसाळ्याच्या आधी फेरावेच लागतात. न फेरणाऱ्याचं घर गळतं. पण फेरायचा दिवस घरधनी ठरवतो. जेवणावळ बसली असताना कोणी शिडी लावून छपरावर चढला, तर त्याचं काम कितीही चोख असो, आपण त्याला खाली उतरवू. संगणकाच्या बाबतीत घरधन्याचा तो हक्क गेला आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा आपण सोडूनही दिला आहे. कारण तो वापरण्याच्या सोयी पुढे आल्या. कामाचे तास आता अठरापर्यंत वाढवता येतात. २०१९ पासून होम आवृत्तीतही अपडेट पस्तीस दिवसांपर्यंत थांबवता येतं. त्या सेटिंगमध्ये आपल्यापैकी किती जण गेलेत?

मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या दुरुस्त्या २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेतल्या तिच्या मुख्यालयातली सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेदहा-साडेअकरा. म्हणजे त्यानंतरच्या बुधवारी सकाळी आपल्या मशीनमध्ये काहीतरी उतरणार, हे आधीच ठाऊक असतं. ज्याची तारीख ठाऊक आहे त्याला अचानक आलं म्हणू नये. त्या आठवड्यातला एक दिवस ठरवा. सरकारी कार्यालयांना २०२० पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे. शुक्रवारी काम आटोपल्यावर एक माणूस तासभर थांबू दे. आधी एका मशीनवर अपडेट बसवा, त्यावर प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल चालतो का पाहा, मग बाकीच्या मशीनवर. यूपीएसची बॅटरी तपासलेली असू द्या. आणि मोबाइलचं नेट 'मीटर्ड' म्हणून नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण तासभर थांबणारा माणूस कोण? इथे गाडं अडतं. परिचालकाचं मानधन आधीच तुटपुंजं. त्यात हे फुकटचं काम त्याच्या गळ्यात घालू नका. देखभालीचा करार करताना आपण लिहितो: मशीन बंद पडल्यास दुरुस्त करणे. त्यात एक ओळ वाढवा: दर महिन्याला ठरलेल्या दिवशी अपडेट बसवून, तपासून, वहीत नोंद करणे. त्या ओळीला पैसे द्या. धान खरेदी, मार्चअखेर, जूनमधले दाखले आणि प्रवेश, पीकविम्याची मुदत, हे आपले हंगाम अमेरिकेतल्या कोणाला ठाऊक असणार नाहीत. ते ज्याला ठाऊक आहेत त्याच्याच हाती घड्याळ हवं.

शासनाकडेही एक मागणं आहे. शेवटची तारीख जाहीर करताना एवढं लक्षात असू द्या, की गावातल्या केंद्रावर बहुधा एकच संगणक असतो. तो तासभर अडला तर रांगेतल्या शेवटच्या माणसाची मुदत जाते. यंत्र अडल्याची नोंद केंद्राच्या वहीत असेल, तर त्या दिवशी रांगेत असलेल्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी घ्यावा. सरसकट मुदतवाढीची वाट पाहायला लावू नये.

शेवटचा मुद्दा घाईचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला नवं हार्डवेअर लागतं. आपल्या शाळा-पंचायतींतली कित्येक जुनी यंत्रं त्यात बसत नाहीत. अनेकांना वाटतंय, बरं झालं, अपडेटची कटकट गेली. पेढे वाटू नका. निळा पडदा थांबला याचा अर्थ भगदाडं बुजवणं थांबलं. घरगुती वापराच्या संगणकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती नोंदवून घ्या. संस्थांसाठी ती वेगळी आणि पैसे मोजून आहे. जिथे काम ब्राउझरवरच चालतं तिथे विंडोजऐवजी लिनक्सचा विचार करा. केरळनं आपल्या शाळा त्यावर चालवून दाखवल्या आहेत. मात्र आधी तुमचा डोंगल आणि अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का ते पाहा.

उद्या आपापल्या कार्यालयात गेल्यावर एवढंच करा: कोणत्या मशीनवर कोणती विंडोज आहे, तिचे कामाचे तास काय नोंदवलेत आणि अपडेटची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, हे तीन रकाने एका कागदावर भरा. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहील. तो भरायला लावणं हे काम संस्थेच्या अध्यक्षांचं, सचिवांचं, सरपंचांचं आहे, आणि त्यातले बरेच जण आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत. म्हणून हा विषय या व्यासपीठावर घेतला.