भुकेल्याचा वाटा
(माढा येथील ज्युबिली-मेळाव्यांत केलेलें भाषण)



ज्युबिली हा शब्द आपणांस यहुदी लोकांकडून मिळाला आहे. दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ धन्याच्या घरीं परत जावी व दासास मोकळें करावें, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. ज्या सणाचा उगमच गरिबाच्या सुटकेंत आहे तो साजरा करितांना, त्याच लोकांनीं भुकेल्याविषयीं काय केलें हें पाहणें उचित होईल. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनेंही यहुदी लोकांविषयीं आदर बाळगण्यास आपणांस सांगितलें आहे.

काळ्या रानांत ज्वारीची काढणी झाली म्हणजे मागें राहिलेलीं कणसें गोरगरीब वेचीत. त्यास आपण सरवा म्हणतों. यहुदी शेतकऱ्यानें सरवा सोडणें हें त्याच्या खुशीवर नव्हतें. शेताचे कोपरे कापूं नयेत, गळालेलीं कणसें उचलूं नयेत, विसरलेली पेंढी आणावयास मागें फिरूं नये. तें सारें गरीब, परदेशी, अनाथ व विधवा यांचें, असा दंडक होता. इब्री भाषेंत दानास 'त्सदाका' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशीं न्याय हा अर्थ आहे. देणारा उपकार करीत नाहीं. दुसऱ्याचा वाटा त्याच्या स्वाधीन करितो.

रूथची कथा आपणांस ठाऊक आहे. दुष्काळामुळें नामीचें कुटुंब बेथलेहेम सोडून मवाब देशीं गेलें. बेथलेहेम म्हणजे भाकरीचें घर. त्याच घरांत भाकर उरली नव्हती. पुढें नामी परतली, तेव्हां तिची मवाबी सून रूथ बवाजाच्या शेतांत सातूचा सरवा वेचूं लागली. या परक्या विधवेच्या वंशांत दावीद राजा जन्मला, आणि संत मत्तयानें प्रभु येशूच्या वंशावळींत तिचें नांव घातलें.

यहुदी लोक नगरांत राहूं लागले तेव्हां ही आज्ञा मंडळीच्या व्यवस्थेंत उतरली. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत तिचे नियम आहेत. 'कुप्पा' ही आठवड्याची पेटी. 'तमहुई' हें रोजच्या अन्नाचें पात्र. पेटीची वर्गणी दोघांनीं मिळून गोळा करावी व वांटप तिघांनीं करावें. ज्याच्यापाशीं दोन वेळचें अन्न आहे त्यानें पात्रांतून घेऊं नये. परधर्मी गरिबांसही आपल्या गरिबांबरोबर पोसावें, असें तलमूद सांगतो. बाराव्या शतकांतील मायमोनिदीस या पंडितानें दानाच्या आठ पायऱ्या वर्णिल्या; त्यांतील सर्वांत वरची, माणसास स्वतःच्या पायावर उभें करणें.

हे लोक महाराष्ट्रास परके नाहींत. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारीं विसावा पाळणारे बेने इस्राएल 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. मराठी ही त्यांची मातृभाषा. मुंबईंतील त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालचें, तर डेव्हिड ससून यांनीं बांधविलेलें पुण्याचें 'लाल देऊळ' १८६७ सालीं पुरें झालें. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएल देशीं गेले. परंतु २०१२ सालीं त्याच देशाहून आलेल्या जेकब स्टोकमन या यहुदी गृहस्थांनीं ठाण्याजवळील कळव्याच्या झोपडवस्त्यांसाठीं 'गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' ही संस्था काढली. पोटासाठीं मुलें शाळा सोडून कामास जात. म्हणून जेवण शिक्षणाच्या जागींच देण्याची योजना झाली. जी भूक मुलास शाळेपासून ओढून नेई, तीच त्याला शाळेकडे आणूं लागली. रांधण्याचें काम वस्तींतील स्त्रियांकडेच सोंपविलें, म्हणजे त्यांनाही मिळकत झाली.

आतां आपल्याकडे पाहूं. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढलेलीं माणसें अद्याप आपल्या तालुक्यांत आहेत. पुढें उजनीचें पाणी आलें, ऊंस पिकूं लागला. तो ऊंस तोडावयास दिवाळी आटोपली कीं बीडकडून कोयता घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें येतात व कोपींत राहतात. पहाटे आईबाप फडांत गेले म्हणजे लहानगीं मुलें शिळ्या भाकरीवर दिवस काढतात. शाळा तर गांवाकडेच सुटलेली असते. आपल्या शेतांतील रूथ तीं हींच नव्हेत काय?

म्हणून माझी विनंती अशी. ज्युबिलीचें जेवण एका दिवसांत संपेल. तिची खूण म्हणून एक पेटी व एक पात्र मागें राहूं द्या. घरटी दर आठवड्यास मूठभर ज्वारी निघावी. दोघांनीं ती गोळा करावी, तिघांनीं वांटावी, आणि हिशेब रविवारीं मिस्सेनंतर वाचून दाखवावा. गाळपाच्या हंगामांत कोपींतील मुलांस दुपारीं एक ऊन जेवण मिळावें, आणि जेथें जेवण तेथेंच दोन तास अक्षरओळख व्हावी. स्वयंपाक गरजू घरच्या बायांनीं करावा व त्यांस मजुरी द्यावी. जात वा धर्म कोणी विचारूं नये.

कोणी म्हणेल, आपणच कोठले श्रीमंत? तलमूदाची आज्ञा अशी आहे कीं, जो स्वतः दानावर जगतो त्यानेंही दान करावें. आणि मंदिराच्या भांडारांत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूनें बोट दाखविलें, तें आपण विसरलों नाहीं.

शेवटल्या दिवशीं तो आपणांस काय विचारणार, हेंही त्यानें आधींच सांगून ठेविलें आहे. फडाच्या कडेला बसलेल्या त्या मुलाचा वाटा आपल्या कणगींत आहे. तो त्याला पोहोंचवावा, एवढेंच मागून मी आपली रजा घेतों.