बांधावरची लाल अंबाडी
(खराडी येथील बैठकीतील भाषण)



मुळा-मुठेकाठच्या या खराडीत पूर्वी शेतं होती, आज काचेच्या इमारती आहेत. अशा शहरांत 'अँटिऑक्सिडंट' म्हणून जो लाल चहा महाग विकतात, तो आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचा!

प्राणवायूनं लोखंड गंजतं, तशी पेशींचीही झीज होते. ती रोखणारी द्रव्यं अंबाडीच्या लाल रंगात आहेत, ज्वारीच्या कोंड्यातही आहेत. पण परीक्षानळीत दिसलं ते शरीरात घडेलच असं नाही. सरकीतलं गॉसिपॉलही अँटिऑक्सिडंटच, आणि विषारीही! म्हणून 'रोग बरा होतो' असं सांगून आम्ही माल विकणार नाही.

१९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुने लेखी पुरावे मांडले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झालं. पुरावा होता म्हणून हळद वाचली; पण पुराव्यानं भाव मिळत नाही.

भाव मिळवायचा तर बोंडं ओली विकायची नाहीत. सावलीत वाळवू, निवडू, गावानं मिळून विकू. रंग आपल्या बांधावरचा. मग दामही बांधापर्यंत आलाच पाहिजे!