जाणतेपणाचा बांध

आत्मसंतुष्टता हा शब्द सामान्यतः आळसाच्या शेजारी ठेवला जातो. वस्तुतः आळशी माणसापेक्षा कामात तरबेज झालेल्या माणसाला ती लवकर गाठते, कारण ज्याला आपले काम उत्तम जमते त्याला ते अपुरे असेल अशी शंका येण्याचे निमित्तच उरत नाही. समाधान मिळालेल्या गोष्टीविषयी असते, तर आत्मसंतुष्टता ही आता शिकण्याजोगे फारसे काही राहिले नाही या समजुतीतून येते, आणि त्या समजुतीभोवती जमणारे सवयीचे काम, ओळखीची माणसे व ठरलेली उत्तरे यांच्या वर्तुळाला ‘सरावाचा परीघ’ म्हणता येईल. हा परीघ ओलांडायचा तर नोकरी किंवा गाव सोडावे लागते, असे मानले जाते. हा समज तपासून पाहण्यासाठी पूर्व विदर्भातील अर्जुनी मोरगाव तालुक्याबाहेर जाण्याची गरज नाही.

५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली कोइम्बतूर येथे वनशिक्षण घेऊन वनखात्यात रुजू झाले आणि १९७०च्या दशकात या तालुक्यातील नवेगावबांध येथे वनाधिकारी होते; नवेगावचे राष्ट्रीय उद्यान याच काळातले, १९७५ सालचे. त्या वेळच्या वनाधिकाऱ्याचे काम मुख्यतः लाकडाभोवती फिरत असे: कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, त्यातील झाडांची मोजणी, रोपवने आणि महसूल, एवढे चोख सांभाळले की अधिकारी कर्तव्यदक्ष ठरे. तलावावर उतरलेला पक्षी ओळखता आला नाही म्हणून कोणाला मेमो मिळाल्याचे ऐकिवात नाही.

ही मोकळीक चितमपल्लींनी स्वीकारली नाही, आणि त्यांनी जे केले त्यातील अवघड भाग जंगलात हिंडण्याचा नव्हता, कारण हिंडणे नोकरीतच होते. अवघड होते ते अधिकाराची जागा राखूनही विद्यार्थी होणे. पदाने खालचे कर्मचारी, तलावावर जगणारे ढीवर, रानातले आदिवासी आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे गावातले जाणकार यांच्याकडून ते पाखरांची नावे व सवयी शिकत गेले. घरची भाषा तेलुगू असलेल्या या माणसाने मराठीत लिहिले, आणि प्राचीन ग्रंथांतील पशुपक्ष्यांचे उल्लेख मुळातून वाचता यावेत म्हणून प्रौढ वयात संस्कृतचे परंपरागत पद्धतीने अध्ययन केले, ज्यातून पुढे हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या ग्रंथाचा मराठी अनुवाद झाला. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ हे त्यांनी रूढ केलेले शब्द याच दुहेरी शिक्षणाची कमाई आहेत. ‘पक्षीकोश’ प्रसिद्ध झाला तो २००२ मध्ये, म्हणजे १९९०च्या निवृत्तीनंतर १२ वर्षांनी.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, जी व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून सोयीस्करपणे गळते. चितमपल्लींना दरमहा पगार होता. त्या स्थैर्याच्या आधारानेच त्यांची अस्थिरता शक्य झाली. तेव्हा सुरक्षितता ही वाढीची शत्रू आहे, हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही, आणि ज्यांच्याजवळ ती मुळातच थोडी आहे त्यांना ‘धोका पत्करा’ असे व्यासपीठावरून सांगणे तर काहीसे क्रूरच ठरते.

म्हणूनच याच तालुक्यातील निमगावचे उदाहरण अधिक कठीण आहे. पूर्व विदर्भातील तलाव बांधण्यात निष्णात मानल्या गेलेल्या कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी उभे केलेले तलाव, ज्यांना आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, ते मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले आणि हळूहळू गाळाने व बेशरमच्या झुडपांनी भरत गेले. मासेमारीसाठी रोहू, कटला, मृगळ या जलद वाढणाऱ्या माशांचे बीज विकत आणून सोडण्याची सवय पडली. हाती पैसा लवकर येई, त्यामुळे मरळसारखे स्थानिक मासे आणि त्यांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती कमी होत गेल्या, तरी रीत बदलण्याची निकड वाटली नाही. ‘चालले आहे’ या दोन शब्दांत सामूहिक आत्मसंतुष्टता पुरती मावते.

ही रीत बदलण्याच्या कामात शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर स्त्रिया पुढे आल्या. तलावावर राबणे त्यांना नवे नव्हते, परंतु तलावाचे काय करायचे याच्या निर्णयात बोलणे नवे होते, आणि त्यांचा परीघ मोडला तो ग्रामसभेत. पाण्यात उतरण्यापेक्षा तेथे उभे राहणे जड होते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटणे, तळ नांगरणे आणि पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती हाताने रोवणे, असा या कामाचा क्रम आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालण्यासाठी लागते, हे मात्र बीज पुरवणाऱ्याला माहीत नसते. ते जुन्या ढीवरांनाच विचारावे लागते.