राखणीची जहाजे



सागरी इतिहासाच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवताना संयोजकांनी विषयाचे बंधन घातले नाही, त्याचा मी आज पुरेपूर फायदा घेणार आहे. आरमारावरचे भाषण म्हटले की आपल्याकडे वाट ठरलेली असते. कान्होजी आंग्र्यांपासून निघायचे आणि १९७१ च्या कराचीवरील हल्ल्यापाशी थांबायचे. टाळ्या हमखास. मी मात्र टाळ्या न मिळणाऱ्या एका कामाबद्दल बोलणार आहे. दुसऱ्या महायुद्धात विनाशिकांनी व्यापारी आणि सैनिकवाहू जहाजांच्या काफिल्यांची जी राखण केली, त्या कामाबद्दल.

विनाशिका ही मुळात चढाईसाठी घडवलेली नौका. तीस-पस्तीस नॉटचा वेग, पातळ पत्रा, डेकवर पाणतीरांच्या नळ्या. १९३९ नंतर तिच्या नशिबी आली सात-आठ नॉटने रखडणाऱ्या मालवाहू जहाजांची सोबत. काफिल्याची चाल वारीतल्या दिंडीसारखी, सगळ्यांत थकलेल्याच्या पावलाने ठरणारी. विनाशिकेने त्याच्या पुढे, बाजूला, कधी मागे फिरत राहायचे, पाण्याखालचा कानोसा घ्यायचा आणि पाणबुडीला पाणतीर सोडण्याइतके जवळ येऊ द्यायचे नाही. पाणबुडी बुडवता आली तर उत्तमच, पण ती बुडवण्याच्या नादात काफिला उघडा पडला तर कामाचे मातेरे. चढाईच्या शिकवणीत मुरलेल्या कितीतरी कप्तानांना हे पचायला वेळ लागला.

ऐकण्याचे यंत्र म्हणजे ॲसडिक, आजच्या सोनारचे पूर्वरूप. जहाजाच्या तळातून ध्वनीची चिपळी वाजते, समोर पोलाद असेल तर प्रतिध्वनी परत येतो. कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात जहाजाचा वेग वाढला की स्वतःच्याच खळखळाटात यंत्र बहिरे होते. म्हणजे ज्या वेगासाठी विनाशिका बांधली, तो वेग राखणीच्या वेळी बहुतांशी निकामी. पाणबुडीच्या अगदी जवळ गेल्यावर, शेवटच्या दीड-दोनशे मीटरांत, प्रतिध्वनी हरवतो. आणि डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे स्फोटकांचे डबे, तर जहाजाच्या मागच्या बाजूने टाकायचे. म्हणजे शेवटचा घाव आंधळा. तो पाणबुडीपासून काही मीटरांच्या आत फुटला तरच तिचे कवच फाटणार. अटलांटिकच्या गार पाण्यात ही कथा, तर हिंदी महासागरात वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड. त्या थरावर ध्वनीची दिशा वाकते आणि पाणबुडी खाली निवांत बसते.

इंधनाची रड वेगळी. १९४३ च्या एप्रिल-मे महिन्यांत ओएनएस-५ हा काफिला लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाला. राखणदारांचा प्रमुख होता पीटर ग्रेटन, ‘डंकन’ या विनाशिकेवर. समुद्र इतका खवळलेला की टँकरमधून तेल घेता येईना. टाकी रिकामी होत आली तेव्हा ग्रेटनला काफिला दुसऱ्याच्या हवाली करून बंदराकडे वळावे लागले आणि लढाईचा सगळ्यांत भीषण भाग त्याच्या पाठीमागे घडला. तेरा मालवाहू जहाजे गेली, जर्मनांच्याही निदान सहा पाणबुड्या गेल्या, आणि त्या महिन्यापासून अटलांटिकचे पारडे फिरले. ज्याने माणसे घडवली, तोच त्या रात्री तिथे नव्हता.

गणिताचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या आवडीची आहे. मोठा काफिला म्हणजे मोठे सावज, तेव्हा काफिले लहान ठेवावेत, असे ब्रिटिश नौदल धरून चालले होते. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या चमूने आकडे तपासले. काफिल्यातली जहाजे दुप्पट केली तर त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते, पण घेर मात्र दीडपटही होत नाही. आणि राखण करायची असते ती घेराची. शिवाय बुडणाऱ्या जहाजांचा आकडा काफिल्याच्या आकारावर फारसा अवलंबून नव्हता, राखणदार किती यावर होता. म्हणजे तेवढ्याच विनाशिका घेऊन मोठे काफिले काढणे शहाणपणाचे. समुद्रावर एकही जादा बंदूक न पाठवता कितीतरी माणसे वाचली. युद्धाच्या पुस्तकांत या हिशेबाला दोन ओळी मिळतात, एखाद्या तोफेच्या माऱ्याला दहा पाने.

आता आपल्या पाण्यात येऊ.

नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘तिलावा’ हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे जहाज मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाले. सोबत एकही युद्धनौका नव्हती. २३ नोव्हेंबरला आय-२९ या जपानी पाणबुडीने ते बुडवले. साडेनऊशेच्या वर माणसांपैकी २८० गेली, बाकीच्यांना प्रामुख्याने ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरने उचलले. ‘तिलावा’वर चांदी होती. ती २०१७ मध्ये समुद्रतळातून वर काढली गेली आणि तिच्यावरचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये निकालात निघाला. चांदीसाठी एवढी कागदपत्रे निघाली. डेकवरच्या खलाशांसाठी किती निघाली, हे या सभागृहातल्या अभ्यासकांनी स्वतःलाच विचारावे.

राखण नसली तर काय होते ते ‘तिलावा’ने दाखवले. राखण असूनही काय होते, ते केआर-८ने.

केआर-८ हा मोंबासाहून कोलंबोला चाललेला काफिला. पाच सैनिकवाहू जहाजे: ‘खेदिव इस्माइल’, ‘सिटी ऑफ पॅरिस’, ‘वरसोवा’, ‘एकमा’, ‘एलेंगा’. सोबतीला ‘हॉकिन्स’ ही जुनी क्रूझर आणि ‘पेटार्ड’ व ‘पॅलाडिन’ या दोन विनाशिका. पाणबुडीपुढे क्रूझरचा काही उपयोग नसतो, उलट तिचीच राखण करावी लागते. तेव्हा खरा पहारा दोन विनाशिकांचा, काफिल्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर. मागची बाजू मोकळी. हे कुणाच्या बेफिकिरीने झाले असे मी म्हणणार नाही. विनाशिका हव्यात असे ओरडणारे तेव्हा प्रत्येक समुद्रावर होते आणि हिंदी महासागराचा नंबर शेवटचा लागे.

१२ फेब्रुवारी १९४४, शनिवार, मालदीवजवळ, दुपारचे अडीच. आय-२७ पाणबुडीचे दोन पाणतीर ‘खेदिव इस्माइल’ला लागले. दोन-तीन मिनिटांत जहाज गेले. दीड हजारांच्या वर माणसे होती: पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्यातले जवान, परिचारिका, खलाशी. त्यांपैकी दोनशेच्या आसपास वाचली.

बाकी चार जहाजे पांगली. ‘पॅलाडिन’ने होड्या उतरवून माणसे उचलायला सुरुवात केली. आणि पाणबुडी सापडली ती नेमकी पोहणाऱ्यांच्या खाली. ‘पेटार्ड’चा कप्तान रूपर्ट ईगन याच्यापुढे प्रश्न काय होता ते बघा. डेप्थ चार्ज टाकावेत तर पाण्यातली माणसे त्या धक्क्याने मरतात. न टाकावेत तर पाणबुडी निसटते, आणि पळणारी चार जहाजे माणसांनी भरलेली आहेत. त्याने डेप्थ चार्ज टाकले. पाणबुडी वर आली. तोफांचे गोळे तिला पुरेसे भेदेनात. ‘पॅलाडिन’ धडक द्यायला धावली, तेव्हा पाणबुडीच्या पात्याने तिचाच पत्रा फाडला. शेवटी ‘पेटार्ड’ने एकामागून एक पाणतीर सोडले. सहा चुकले, सातवा लागला.

ईगनचे बरोबर होते असे माझे मत आहे. ते इथे पंख्याखाली उभे राहून देणे सोपे आहे, हेही मला कळते. ज्या खलाशांनी ते डबे डेकवरून ढकलले, त्यांना खाली पाण्यात हात हलवणारी माणसे दिसत होती.

निकोलस मॉन्सरात हा इंग्रज कादंबरीकार स्वतः राखणीच्या जहाजांवर नोकरी केलेला. १९५१ मधल्या ‘द क्रूएल सी’ या त्याच्या कादंबरीत अगदी असाच प्रसंग आहे, आणि सारे पुस्तक त्याच्या भोवती उभे राहते. इंग्रजी वाचकाला ही राखण कादंबरीतून कळली. मराठीत या कामावरची कादंबरी माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे माणसे नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. ‘वरसोवा’, ‘एकमा’, ‘एलेंगा’ ही तिन्ही ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजे. त्या कंपनीच्या जहाजांवर डेकवरचे सारंग, तांडेल, खलाशी याच किनाऱ्यावरून जात. जेवणघरात आणि केबिनींत गोव्याची माणसे. काफिल्यातल्या जहाजाच्या पोटात बसून, बाहेर फिरणाऱ्या त्या करड्या विनाशिकेवर भरवसा ठेवणारी ही माणसे.

आणि राखण करणारेही आपले होते. ‘खेदिव इस्माइल’ बुडाले त्याच्या आदल्याच दिवशी, ११ फेब्रुवारी १९४४ ला, विशाखापट्टणमच्या समुद्रात रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘जमना’ने दोन ऑस्ट्रेलियन नौकांच्या साथीने आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली. त्या राखत असलेल्या काफिल्यातले एक जहाज जायबंदी झाले, पण तगले. ‘जमना’ ही विनाशिका नव्हे, स्लूप. विनाशिकेहून संथ, पण काम तेच. बारा तारखेची बातमी इतिहासात राहिली, अकराची गेली. काफिला सुखरूप पोहोचला ही बातमी होत नाही, एवढेच त्याचे कारण.

आपल्या १९७१ च्या युद्धाचेही तेच. ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट गेली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव आपण घेतो आणि घ्यायलाच हवे. पण त्याच युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेभोवती अहोरात्र कडे करून फिरलेल्या नौकांवरचा एखादा पहारेकरी, कानाला हेडफोन लावून चार-चार तास प्रतिध्वनी ऐकणारा, आपल्या कुणाच्या लेखात आला आहे? असला तर मला दाखवा, मी आनंदाने माझे वाक्य मागे घेईन.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एकच मागणे मागतो. ठराव नको, ठरावांच्या फायली भरपूर आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या भारतीय खलाशांची नावे मुंबईच्या स्मारकाच्या नोंदवहीत आहेत, सहा हजारांहून अधिक. त्यांतली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोव्यातली नावे गाववार लावून काढण्याचे काम या परिषदेने अंगावर घ्यावे. आणि इथे बसलेल्या ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांचे खलाशाचे सेवापुस्तक, एखादे पत्र, बंदराचा शिक्का असलेला कागद असेल, त्यांनी तो पत्र्याच्या पेटीतून काढून पुढच्या वर्षीच्या परिषदेला घेऊन यावा. कागद तुमच्याकडेच राहील, आम्ही फक्त त्याची प्रत करून घेऊ.