मेंदूच्या चित्रातील पांढरे ठिपके
(गोंदिया येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि शासनाचा माहिती अधिकारी आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, त्यास घरचेच कारण घडले. गतवर्षी माझ्या वडिलांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण झाले. ते निवृत्त शिक्षक. चाल मंदावली होती, साध्या हिशेबालाही वेळ लागू लागला होता. इंग्रजी अहवालात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार आणि 'फझेकास दोन' असे शब्द होते. कोणी म्हणाले मेंदू सुकला, कोणी म्हणाले गाठ आहे. आईने दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु शरीर वापरते त्यातील सुमारे २० टक्के प्राणवायू त्याला लागतो. इटियाडोहचा मुख्य कालवा दुथडी वाहत असला तरी शेवटच्या बांधीत पाणी पोचेलच असे नाही, हे आपल्या धान उत्पादकांस सांगावयास नको. मेंदूच्या खोल भागातील केसासारख्या वाहिन्या म्हणजे अशीच शेवटची चारी. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड व ताठर होतात आणि भोवतालच्या भागाला रक्त अपुरे पडते. तोच भाग चित्रात पांढरा दिसतो.

ऑस्ट्रियातील फ्रान्झ फझेकास व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या ठिपक्यांची शून्य ते तीन अशी श्रेणी मांडली. एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे एकमेकांस मिळू लागलेले, तीन म्हणजे सलग पट्टे. साठीनंतर पहिली श्रेणी पुष्कळांत आढळते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. चित्र हे गावनकाशासारखे असते. बांध कोठे ते कळते, पीक कसे आहे ते शेतात जाऊनच पाहावे लागते.

डॉक्टरांनी अहवाल बाजूस ठेवून एकच प्रश्न विचारला, "रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना?" मापन ठीक आले म्हणून वडिलांनी त्या आठ महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. मापन ठीक होते ते गोळ्यांमुळेच! आरोग्य मोहिमांची घोषवाक्ये लिहिणाऱ्या मुलाने ही चौकशी कधी केली नव्हती.

वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या आत ठेवण्याचे लक्ष्य असलेल्यांत हे ठिपके कमी वेगाने वाढले, असे अमेरिकेतील 'स्प्रिंट' अभ्यासात २०१९ मध्ये दिसून आले. अर्थात वृद्धांचा दाब किती उतरवावा हे डॉक्टरांनीच ठरवावे. एकाएकी उतरला तर भोवळ येऊन पडण्याचे भय असते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपला खर्रा! त्याविषयी या सभागृहात फार बोललो तर अर्धे श्रोते उठून जातील.

शिक्षकांना मात्र एक निराळी गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या भागात सिकलसेल आहे. या आजाराच्या बालकाच्या मेंदूत कोणतेही बाह्य लक्षण नसताना लहान व्रण होऊ शकतात व त्याचे अभ्यासातील लक्ष उणावते. अशा मुलास मठ्ठ ठरविण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी झाली आहे काय, हे पाहावे.

सालेकसा, देवरीकडील सदस्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मालिश वा झाडफूक करीत बसू नये; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचे चित्र पाहिल्यावर.

वडिलांचे जुने ठिपके जाणार नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. दर आठवड्याला उपकेंद्रात मोजलेला रक्तदाब ते एका वहीत लिहितात, पूर्वी हजेरी लिहीत त्याच अक्षरात.