अंगठ्याला जरा दुसरं काम: फीडच्या बाहेरच्या काही भारी वेबसाइट्स

(एपिसोडची लिखित प्रत. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे ना' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज पाहुणे नाहीत, बातम्या नाहीत. आज फिरायला जायचंय. ॲप उतरवून घ्यायचं नाही, फक्त फोनमधला ब्राउझर उघडायचा. ऐकता ऐकता नावं लिहून घेतलीत तर उत्तम, नाहीतर ही प्रत आहेच.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आपल्याकडे 'ऑनलाइन गेम' हा शब्दच बदनाम झालाय. घरात म्हणून बघा, "आई, जरा ऑनलाइन गेम खेळतोय." ती आधी खात्यातला बॅलन्स विचारेल. आणि तिचं काही चुकत नाही. रमी झाली, फँटसी टीम झाली, पहिल्या डिपॉझिटवर बोनस झाला, त्यात लोकांचे पगारच्या पगार गेलेत. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. हे झालं एक टोक. दुसऱ्या टोकाला आपण सगळेच आहोत. रात्री झोपायच्या आधी अंगठा वर, अंगठा वर, अंगठा वर. तासाभराने कुणी विचारलं "काय बघितलंस?" तर एक रील धड आठवत नाही.

या दोन टोकांच्या मधे खूप मोठं इंटरनेट पडलंय. कुणीतरी एकट्याने, निव्वळ डोक्यात किडा वळवळला म्हणून बनवलेल्या वेबसाइट्स. अल्गोरिदम तुम्हाला तिथे सहसा नेत नाही, कारण तुम्ही तिथे गेलात तर त्याचं गिऱ्हाईक कमी होतं. तिथे आपलं आपणच जावं लागतं.

सुरुवात नील डॉट फनपासून. नील अगरवाल नावाच्या अमेरिकेतल्या एका तरुण प्रोग्रामरची ही साइट. तिच्यावर डझनावारी खेळ आहेत, पण मी तुम्हाला थेट 'द पासवर्ड गेम'कडे पाठवणार. २०२३ च्या जूनमध्ये आला. काम एकच, पासवर्ड तयार करायचा. आता हे आपल्याला रोजचंच. किमान पाच अक्षरं हवीत, एक आकडा हवा, एक कॅपिटल हवं, एक चिन्ह हवं. आपण म्हणतो, ठीक आहे बाबा. पाचवा नियम येतो, सगळ्या आकड्यांची बेरीज २५ झाली पाहिजे. बरं. मग महिन्याचं नाव घाला. मग रोमन अंक घाला. मग त्या रोमन अंकांचा गुणाकार ३५ आला पाहिजे. मग आजच्या वर्डलचं उत्तर घाला. मग रस्त्याचा फोटो दाखवतो आणि देश ओळखायला सांगतो. मग बुद्धिबळाचा पट देऊन सर्वोत्तम चाल विचारतो.

आणि इथेच खरी मजा आहे. बुद्धिबळाची चाल लिहिली की तिच्यात आकडा असतो, म्हणजे २५ ची बेरीज बिघडली! कॅपचात आकडा आला, परत बेरीज बिघडली. एक बाजू शिवली की दुसरी उसवते. त्यात मध्येच एक अंडं येतं. हा पॉल. पॉलला सांभाळायचं. त्यानंतर पासवर्डला चक्क आग लागते आणि एकेक अक्षर जळत जातं. पॉल जळला तर खेळ खलास. एकूण ३५ नियम आहेत. कॉलेजचा फॉर्म भरताना 'पासवर्ड मस्ट कंटेन' वाचून ज्यांचं डोकं फिरलंय त्यांना या खेळातला विनोद एका मिनिटात कळेल. मोठ्या स्क्रीनवर खेळलात तर जास्त सोयीचं, मित्राचा लॅपटॉप मिळाला तर बघा.

त्याच साइटवर 'इन्फिनिट क्राफ्ट' आहे. हा २०२४ चा. पाणी, आग, वारा, माती एवढं भांडवल घेऊन सुरू करायचं आणि एकावर एक टाकत जायचं. पाणी आणि आग, वाफ. पाणी आणि माती, झाड. पुढची जोडाजोडी एआय मॉडेल करतं, म्हणून यादी संपतच नाही. तुमच्या आधी कुणालाच न सापडलेली गोष्ट सापडली तर तशी नोंदही दिसते. माती-पाण्यापासून वडापावपर्यंत पोचता येतं का, हा प्रयोग मी तुमच्यावर सोडतो.

पण नीलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे 'द डीप सी'. इथे खेळ नाहीच. समुद्रात खाली खाली स्क्रोल करत जायचं, बस. ज्या खोलीवर जो प्राणी राहतो तिथे तो भेटतो. टायटॅनिक साधारण ३,८०० मीटरवर. तिथवर अंगठा दुखायला लागतो. ८,८४८ मीटर म्हणजे एव्हरेस्ट बुडेल इतकं खोल, आणि तरी तळ आलेला नसतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण आकडा वाचला आणि पुढच्या पानावर गेलो. इथे तो आकडा अंगठ्याला कळतो. रील्ससाठी अंगठ्याची जी सवय लागलीय, तीच सवय या माणसाने समुद्र मोजायला वापरलीय. मला हे फार हुशारीचं वाटतं.

याच जातकुळीची आणखी एक, २०१४ ची, जॉश वर्थची. नाव आहे 'इफ द मून वेअर ओन्ली वन पिक्सेल'. चंद्र एका पिक्सेलएवढा धरला तर सूर्यमाला केवढी होईल? सूर्य ४०० पिक्सेलचा, पृथ्वी जेमतेम चार पिक्सेलची. आणि दोघांच्या मधे सुमारे ४३,००० पिक्सेलचा काळोख. आडवं सरकवत राहायचं. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात सगळे ग्रह एकमेकांना खेटून बसलेले असायचे ना, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे? तसं काही नसतं. इथे प्रकाशाच्या वेगाने जायचं बटणही आहे. ते दाबलंत की पृथ्वी यायला आठ मिनिटं लागतात. प्रकाशाचा वेग इतका रटाळ वाटू शकतो हे तिथेच कळतं.

आता वर्डल. हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, पण मागची गोष्ट कदाचित नसेल. जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने हा खेळ बनवला तो त्याच्या पार्टनरसाठी, पलक शाहसाठी, कारण तिला शब्दकोड्यांचा नाद. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. त्यातले लोकांना माहीत असतील असे अडीच हजारांच्या आसपास निवडले ते पलकनेच. २०२१ च्या १ नोव्हेंबरला हा खेळ खेळले ९० लोक. दोन महिन्यांनी ३ लाख. आणि जानेवारी २०२२ संपेपर्यंत न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. रोज एकच कोडं. सुरुवातीला तर 'अजून एक' म्हणायची सोयच नव्हती. आजच्या इंटरनेटवर 'आता पुरे, उद्या ये' म्हणणारी वस्तू चालली, हे मला अजून नवल वाटतं.

मग आपल्या मनात येतंच, मराठीत का नाही जमणार? जमतं, पण डोकं खाजवावं लागतं. आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवा. समजा उत्तर आहे 'किनारा' आणि तुम्ही लिहिलंत 'कानडी'. पहिलं घर हिरवं करायचं का? क बरोबर, काना चूक. दुसऱ्या घरात न बरोबर, पण काना राहिला. इंग्रजीत २६ अक्षरांत काम होतं. आपल्याकडे ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर घरं झाली, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. कुणी म्हणेल अर्धं हिरवं करा. कुणी म्हणेल व्यंजन आणि स्वर यांना दोन वेगळे रंग द्या. माझं मत दोन रंगांकडे झुकतं, कारण बाराखडी पाठ केलेल्या माणसाला तो नियम समजावून सांगावा लागणार नाही. कोडिंग शिकणारं कुणी ऐकत असेल तर यापेक्षा चांगला प्रोजेक्ट मला तरी सुचत नाही.

आता एका अशा साइटची गोष्ट जिथे तुम्ही जाऊ शकत नाही, कारण ती बंद झालीय. तरी ऐकाच.

जून २०२४. नोलन रॉयल्टी नावाच्या प्रोग्रामरने एक पान बनवलं. पानावर दहा लाख चौकोन, टिक करायचे तसले. तुम्ही टिक केलंत की जगभरात सगळ्यांच्या स्क्रीनवर टिक. तिकडे कुणी काढली की तुमच्याही स्क्रीनवरून गेली. बस, एवढंच! लोकांनी दोन आठवड्यांत ६५ कोटींहून जास्त टिका केल्या. कुणी रांगेने भरतोय, कुणी मागे मागे पुसत येतोय. गल्लीत रांगोळी काढणारे आणि सायकल घालणारे असतात तसंच.

मग एके दिवशी नोलन आपला डेटा तपासतोय तर त्यात चक्क वेबसाइटचा पत्ता! त्याला वाटलं, झालं, कुणीतरी हॅक केलं. पण तसं नव्हतं. आता नीट ऐका. कम्प्युटरला चौकोन म्हणजे एक किंवा शून्य. टिक असेल तर एक, नसेल तर शून्य. असे आठ मिळून एक इंग्रजी अक्षर. कॅपिटल ए म्हणजे ०१०००००१. काही पोरांनी हे ओळखलं आणि बॉट लिहून चौकोनांच्या टिकांमधूनच निरोप लिहिला. स्क्रीनवर बघणाऱ्याला नुसत्या वेड्यावाकड्या टिका दिसणार. जो खोलात जाऊन डेटा वाचेल त्यालाच पत्ता दिसणार. पत्ता होता एका डिस्कॉर्ड ग्रुपचा, जिथे हीच मंडळी जमली होती. पुढे त्यांनी हजार बाय हजारची मांडणी धरून चित्रं काढली, हलती चित्रंसुद्धा. नोलनने त्यांना हाकललं नाही. उलट त्याला स्वतःचे लहानपणीचे उद्योग आठवले.

मी हिशोब केला. मराठीतला 'क' कम्प्युटर तीन बाइटमध्ये ठेवतो, म्हणजे २४ चौकोन. 'नमस्कार' लिहायचं तर न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात तुकडे, सात चोक २८ नाही, सात गुणिले २४, १६८ चौकोन. दहा लाखांत आरामात बसलं असतं. साइट बंद झाली, काय करणार.

साइट्स मरतात, हे खरंच लक्षात ठेवा. आपल्या मोठ्या भावंडांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून जे गेम खेळले, ते बहुतेक फ्लॅशवर चालायचे. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि एका रात्रीत हजारो खेळ मुके झाले. इंटरनेट आर्काइव्हने रफल नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यातले बरेच पुन्हा ब्राउझरमध्ये चालतील असे करून ठेवलेत. ताईला किंवा दादाला एखादं नाव विचारा, शोधा, आणि तिच्यासमोर लावा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आता भराभर. 'रेडिओ गार्डन', २०१६ पासून आहे. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं रेडिओ स्टेशन सुरू. मॉरिशसला थांबलात तर क्रेओल कानावर पडेल. 'विंडोस्वॅप' लॉकडाउनमधलं, २०२० चं. सिंगापूरला राहणाऱ्या सोनाली रणजित आणि वैष्णव बालसुब्रमण्यम या जोडीने बनवलं. बटण दाबलं की जगातल्या कुणाच्या तरी खिडकीतून बाहेर. दहा मिनिटांचा व्हिडिओ, घडत काही नाही. अभ्यासाला लावून ठेवायला उत्तम.

'जिओगेसर' आता बऱ्यापैकी पैसे मागतं, ते आधी सांगतो. रस्त्याचा फोटो दाखवून जागा ओळखायला लावतं. २०२२ ला स्ट्रीट व्ह्यू भारतात नीट सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. आपल्याला एक फायदा आहे. परदेशी खेळाडूला देवनागरी दिसली की तो गोंधळतो. आपण पाटीवर 'ळ' बघितला की अंगठा सरळ महाराष्ट्रावर, नाहीतर फार तर गोव्यावर. आणि बुद्धिबळ आवडत असेल तर 'लिचेस'. पूर्ण फुकट, जाहिरात शून्य, लोकांच्या देणगीवर चालतं.

एक सावधगिरी, मग सोडतो. खेळ गाजला की त्याच्या शंभर नकला येतात. '२०४८' आठवतोय? २०१४ ला १९ वर्षांच्या गाब्रिएले चिरुली या इटालियन मुलाने एका वीकेंडला बनवला आणि कोड सगळ्यांना मोकळा दिला. आज त्याच नावाने सर्च केलंत तर जाहिरातींनी बरबटलेली पानं निघतात. साइटने नोटिफिकेशन 'अलाऊ' करायला लावलं, मोबाइल नंबर किंवा ओटीपी मागितला, नाहीतर एपीके फाइल टाका म्हणाली, की टॅब बंद. वरच्यापैकी एकाही साइटवर नुसता फेरफटका मारायला ओटीपी लागत नाही.

तर पुढच्या एपिसोडपर्यंत गृहपाठ. पासवर्ड गेममध्ये पॉलला जिवंत ठेवून कितव्या नियमापर्यंत पोचलात ते व्हॉइस नोटने कळवा. आणि मराठी वर्डलचं 'किनारा-कानडी' प्रकरण कसं सोडवाल तेही सांगा. ज्यांची युक्ती पटेल, त्यांचा आवाज पुढच्या भागात. चला, भेटू!